बिल्डरचा पुरस्कार आणि आपली खोली



रविवारच्या वर्तमानपत्रात हल्ली पानभर जाहिरात असते. सुटाबुटातला एक गृहस्थ हातात काचेचे चकाकते बोधचिन्ह घेऊन उभा असतो. खाली लिहिलेले असते, 'वर्षातील सर्वोत्कृष्ट विकासक', नाहीतर 'बांधकाम क्षेत्रातील प्रेरणादायी नेतृत्व'. आपण ते पान उलटतो आणि पुढे जातो. आपला काय संबंध? पण त्याच गृहस्थाच्या कंपनीचा फलक उद्या आपल्या वस्तीच्या तोंडाशी लागतो, त्याची माणसे संमतीपत्रे घेऊन दारोदार फिरू लागतात आणि सभेत तेच काचेचे बोधचिन्ह रंगीत पुस्तिकेत छापून आपल्या हातात येते. "एवढे पुरस्कार मिळालेत, फसवेल कसा?" असे आपलाच एखादा माणूस उठून बोलतो. तेव्हा मात्र आपला संबंध येतो, आणि तो आपल्या डोक्यावरच्या छपराशी असतो.

म्हणून आज हा पुरस्कार नावाचा प्रकार जरा उलगडून पाहू.

बांधकाम धंद्यात पुरस्कारांना तोटा नाही. बिल्डरांच्या स्वतःच्या संघटना आहेत, त्यातली क्रेडाई ही देशपातळीवरची मोठी. त्यांचे पुरस्कार असतात. दूरचित्रवाणीच्या अर्थविषयक वाहिन्या देतात, मासिके देतात, समारंभ भरवणाऱ्या कंपन्या देतात. लंडनहून दिले जाणारे 'इंटरनॅशनल प्रॉपर्टी अवॉर्ड्स' आहेत, त्यांत देशवार आणि प्रकारवार विजेते निघतात. उत्तम गगनचुंबी इमारत वेगळी, उत्तम निवासी प्रकल्प वेगळा, उत्तम अंतर्गत सजावट वेगळी, उत्तम जाहिरात वेगळी. यांतल्या पुष्कळ ठिकाणी रीत अशी असते की अर्ज बिल्डरने स्वतः भरायचा, प्रवेश फी भरायची, छायाचित्रे आणि माहिती स्वतःच जोडायची. समारंभाच्या जेवणाचे टेबलही पुष्कळदा विकतच घ्यावे लागते. परीक्षक मंडळी नामवंत असतात, नाही असे नाही. पण त्यांच्यापुढे येतो तो कागद, आणि कागद कुणी लिहिला ते आपण वर पाहिलेच. कारकुनी करणाऱ्या कोणालाही विचारा, अर्जदाराने स्वतः भरलेल्या रकान्यावर साहेब सही करण्यापूर्वी जोडपत्र मागतो. इथे जोडपत्रही अर्जदाराचेच!

सगळेच पुरस्कार खोटे, असे माझे म्हणणे नाही. एखाद्या बिल्डरने खरोखर मजबूत आणि वेळेवर इमारत बांधली असेल. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या अर्जात कोणता रकाना नसतो, ते बघा. जी कुटुंबे हलवली त्यांतली किती परत आली, हा रकाना नसतो. भाड्याचा चेक किती महिने वटला नाही, हा रकाना नसतो. बांधताना परातीवरून पडून कोण मेले, त्याच्या बायकोला काय मिळाले, हा तर नाहीच नाही.

पूर्व उपनगरातल्या एका वस्तीच्या सभेला मी गेलो होतो. सभा विहारातच होती. बिल्डरचा माणूस तथागतांच्या मूर्तीला नमस्कार करून बसला आणि त्याने पुस्तिका वाटल्या. पहिल्याच पानावर पुरस्कार मिळालेल्या प्रकल्पाचे छायाचित्र होते. निळा पोहण्याचा तलाव, नारळाची झाडे, वर चाळीसेक मजले. आमच्यातल्या एका ताईंनी ते छायाचित्र ओळखले. त्यांची बहीण त्याच प्रकल्पात राहते, पण या इमारतीत नव्हे, तिच्या मागे. मागची इमारत मूळ झोपडीधारकांची. छायाचित्र अशा कोनातून काढले होते की ती दिसतच नव्हती. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हा फोटो मागून काढलेला असेल तर दाखवा. माझी बहीण पाचव्या मजल्यावर पाण्याची कळशी घेऊन चढते, लिफ्ट सहा महिने बंद आहे." सभेत हशा पिकला. बिल्डरच्या माणसाने पुढचे पान उलटले.

झोपडपट्टी पुनर्वसनाची सगळी मेख या मागच्या इमारतीत आहे. १९९५ च्या डिसेंबरात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. तत्त्व असे की बिल्डरने झोपडीधारकांना घर फुकट बांधून द्यायचे आणि मोबदल्यात त्याच जमिनीवर जादा बांधकाम करून बाजारात विकायचे. घर सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे होते, पुढे २६९ झाले, आता ३०० आहे. म्हणजे एकाच जमिनीवर दोन इमारती उभ्या राहतात, एक पुनर्वसनाची आणि एक विक्रीची. बिल्डरचा नफा विक्रीच्या इमारतीत आहे, म्हणून त्याचे लक्षही तिकडेच. पुरस्कारासाठी पुढे केली जाते तीही तीच.

आणि कायद्याचे लक्ष? २०१६ साली संसदेने रेरा कायदा केला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा सुरू झाले. चांगला कायदा आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठांहून जास्त घरांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतला ७० टक्के हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि तो त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावा लागतो. करार नोंदवण्यापूर्वी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. आपल्यातले जे कल्याण, अंबरनाथ, विरारकडे कर्ज काढून घर घेतात त्यांनी हे पाठ करून ठेवावे. जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक नसेल तर ती जाहिरात कितीही पुरस्कारांनी मढवलेली असो, बाजूला ठेवावी. ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला मोबाइल धरायला सांगा, प्रकल्पाची कुंडली समोर येते.

पण हे संरक्षण विकत घेणाऱ्याला आहे. ज्या इमारतीत काही विकायचेच नाही, त्या मूळ रहिवाशांच्या पुनर्वसन इमारतीला रेरा सहसा लागू होत नाही. म्हणजे मागच्या इमारतीकडे पुरस्कारवाला बघत नाही आणि रेराही बघत नाही. तिथे आपणच बघायचे आहे.

ते न बघितल्यास काय होते, याचे उदाहरण गोरेगाव पश्चिमेला आहे आणि वस्तीचे नावही आपल्या जिव्हाळ्याचे, सिद्धार्थनगर. लोक तिला पत्राचाळ म्हणतात. ६७२ कुटुंबे, म्हाडाची ४७ एकर जमीन. २००८ साली रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि गुरुआशिष कन्स्ट्रक्शन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. ही कंपनी एच.डी.आय.एल. या त्या काळी शेअर बाजारात गाजणाऱ्या बिल्डर समूहातली. आधी ६७२ जणांची घरे बांधायची, म्हाडाला तिचा हिस्सा द्यायचा आणि उरलेले विकायचे, असे ठरले होते. चाळ पाडली गेली, माणसे भाड्याच्या खोल्यांत गेली. पुढे सक्तवसुली संचालनालयाने जो खटला केला त्यात आरोप असा आहे की मूळ रहिवाशांचे एकही घर पुरे न करता बांधकामाचे हक्क नऊ बिल्डरांना सुमारे ९०० कोटी रुपयांना विकले गेले. भाडे थांबले. २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये काम स्वतः पुन्हा सुरू केले. चौदा वर्षे! कराराच्या वेळी शाळेत जाणारी मुले या काळात बापाची झाली, आणि कित्येक म्हाताऱ्यांनी नवे घर न बघताच डोळे मिटले.

त्याच समूहाला कर्ज देऊन बुडालेली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकही अनेकांना आठवत असेल. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येतील असे जाहीर झाले. रिक्षावाले, भाजीवाल्या, निवृत्त कामगार बँकेच्या दारात रडत होते. मी कॉमर्सचा विद्यार्थी, ताळेबंद वाचायला शिकलेला. तरी सांगतो, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी पुन्हा समजली की बिल्डरच्या मोठेपणात कुणा गरिबाची ठेव गुंतलेली असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या बी.डी.डी. चाळी आपल्या चळवळीच्या चाळी. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. वरळीच्या चाळींनी १९७४ ची दंगल सोसली, पँथर बघितली, किती आंबेडकर जयंत्या बघितल्या! तिथे पुनर्विकास म्हाडामार्फत झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. भूमिपूजन एप्रिल २०१७ चे, म्हणजे आठ वर्षे लागली. हजारो कुटुंबे अजून रांगेत होती. तरी चावी हातात आली हे खरे, आणि म्हाताऱ्या आजीबाई स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या संडासाचे दार उघडून बघत होत्या, त्या आनंदाला मी नाव ठेवणार नाही. आता चाळीस मजल्यांच्या लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा, जिन्यातल्या दिव्याचा खर्च दरमहा कसा भागवायचा, हा पुढचा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. पुरस्कार द्यायचाच तर दहा वर्षांनी द्यावा, ती लिफ्ट चालू आहे का बघून.

असा, जाऊन बघून दिलेला पुरस्कार जगात आहे का? आहे. वास्तुरचनेसाठी आगाखान पुरस्कार दर तीन वर्षांनी देतात. त्याला बिल्डरने अर्ज करायचा नसतो. नावे गुप्तपणे सुचवली जातात. इमारत बांधून आणि वापरात येऊन काही काळ गेलेला असावा लागतो, आणि निवड होण्यापूर्वी जाणकार माणूस प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करतो, राहणाऱ्यांशी बोलतो. १९९५ साली हा पुरस्कार इंदूरच्या अरण्य वसाहतीला मिळाला. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्याचा, १९२७ चा. त्यांना २०१८ मध्ये वास्तुशास्त्रातला प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ साली ते वारले.

अरण्य इंदूर विकास प्राधिकरणाने १९८० च्या दशकात वसवली. सुमारे ८५ हेक्टर जमीन आणि साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड. त्यांतले ६५ टक्के अगदी गरिबांसाठी, प्रत्येकी सुमारे ३५ चौरस मीटरचे. दोशींनी गरिबाला तयार डबा दिला नाही. जोते, पाणी, संडास, एखादी खोली, एवढे द्यायचे. पुढे पैसा येईल तशी माणसाने खोली वाढवायची, वर मजला चढवायचा, समोर ओट्यावर शिलाई मशीन टाकायचे. रस्त्याकडेचे मोठे भूखंड चढ्या दराने विकून त्या पैशातून गरिबांच्या भूखंडांचा भार हलका केला. श्रीमंताच्या भूखंडावरून गरिबाचे घर निघते हे तत्त्व आपल्या झोपडपट्टी योजनेतही आहे, पण तिथे ते सरकारी प्राधिकरणाच्या हातात होते, नफ्याच्या नव्हे. टीकाही झाली. पुढे काही गरिबांनी भूखंड विकले आणि पैसेवाले आत शिरले. पण पुरस्कार दिला गेला तो गरीब माणूस त्या घरात कसा राहतो हे बघून, एवढे आपल्या कामाचे.

प्रत्यक्ष जाऊन बघणे ही तर आपल्या बाबासाहेबांची रीत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडे जाऊन ते कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले आणि मजूर कुठे राहतात तेही त्यांनी पाहिले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी आला. इमारती बांधणाऱ्या मजुरासाठी १९९६ मध्ये कायदा झाला. बिल्डरने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर भरायचा, आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराने कल्याणकारी मंडळात नोंद करायची. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, मृत्यूनंतरची मदत, सगळे त्या पैशातून आहे. आपली किती माणसे सकाळी नाक्यावर उभी राहतात! त्यांची नोंद आहे का, हे आधी आपल्याच गल्लीत विचारा. ९० दिवसांचा दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो, तिथे युवक मंडळाने सोबत जावे.

आता थोडे कडू. पुरस्कार वाटण्यात आपणही मागे नाही. १४ एप्रिलला मंडपाचा खर्च बिल्डर देतो, कमानीवर त्याचा फोटो लागतो, आणि स्टेजवर त्याला शाल, पुष्पगुच्छ आणि बाबासाहेबांची प्रतिमा देऊन 'समाजभूषण' म्हणून गौरवले जाते. त्याच वेळी समोर खुर्चीवर बसलेल्या कुटुंबाचे आठ महिन्यांचे भाडे त्याच माणसाने थकवलेले असते. ते टाळ्या वाजवतात, काय करतील? संमतीपत्रांचे प्रमाण पूर्वी ७० टक्के लागत असे, आता ५१ वर आले आहे, म्हणजे वस्तीतली चार वजनदार माणसे फोडली की काम सोपे. त्या चारांना फोडायला पाकीटच लागते असे नाही. कधी कधी एक सत्कार पुरतो.

तथागतांच्या काळी श्रावस्तीत जमिनीचा एक प्रसिद्ध व्यवहार झाला. सुदत्त श्रेष्ठीला भिक्खूसंघासाठी जेत राजपुत्राचे उपवन हवे होते. जमिनीवर सुवर्णमुद्रा अंथरल्या तरी देणार नाही, असे जेत म्हणाला. सुदत्त म्हणाला, भाव बोललास, सौदा झाला. वाद न्यायाधिकाऱ्यांकडे गेला आणि त्यांनी निर्णय दिला की भाव बोलला म्हणजे व्यवहार झाला. विनयपिटकात ही गोष्ट आहे. बोललेला शब्द जमिनीच्या बाबतीत बांधील असतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी राजपुत्रालाही मानावे लागले. आज नोंदणी केलेला करारही बिल्डर मानत नाही. त्या सुदत्ताला लोकांनी नाव दिले अनाथपिंडिक, अनाथांना घास देणारा. तथागतांनी त्याला दायकांमध्ये अग्र म्हटले. जेतवनातला विहार सुंदर होता, पण नावात विहार आला नाही, घास आला.

तेव्हा तुमच्या वस्तीत किंवा संस्थेत पुरस्कारांची पुस्तिका आली तर पुढचे करा. त्या बिल्डरचे पूर्ण झालेले दोन पुनर्वसन प्रकल्प पत्त्यासह मागा आणि रविवारी महिला मंडळ घेऊन न सांगता जा. पाणी, लिफ्ट, गळती आणि भाडे, एवढेच विचारा. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्रता यादीत, आपले नाव आहे का ते स्वतः वाचा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका. भाडे आगाऊ जमा झाल्याशिवाय खोली रिकामी करू नका. झोपडपट्टी प्राधिकरणाने २०२३ मध्ये दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरण्याचे बंधन बिल्डरांवर घातले आहे, त्याची पावती मागा. बिल्डर काम रखडवत असेल तर झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली प्राधिकरण त्याला काढून दुसरा नेमू शकते. तसा अर्ज संस्थेच्या ठरावासह करावा. आणि आपली इमारत जुनी सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर कलम ७९-अ चे ४ जुलै २०१९ चे शासकीय निर्देश वाचा. बिल्डरची निवड निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर, सर्वसाधारण सभेत, चित्रीकरण करून व्हायची असते. पदाधिकाऱ्याच्या घरी चहा पिताना नव्हे.

जयंती मंडळांना एक सूचना. यंदा सत्कारमूर्तींची यादी करताना बिल्डरचे नाव आले तर ती यादी आधी संक्रमण शिबिरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांकडे पाठवा. त्यांनी सही केली तरच शाल आणा. एका वस्तीत गेल्या वर्षी असे केले. यादी तीन दिवस फिरून परत आली, नावापुढे एकही सही नव्हती, आणि एका आजींनी पेनाने कडेला थकलेल्या भाड्याचा आकडा लिहून पाठवला होता. मंडळाने त्या वर्षी शाल आणली नाही, मंडप लहान घातला आणि वर्गणी घरोघर गोळा केली.